‘बैलानं मारलं’ : एका जखमेच्या तीन नोंदी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वर्धा जिल्ह्यातल्या गोठ्यांमधून खांदशेकणी होते. वर्षभर जुवाखाली घासलेला बैलाचा खांदा तूप-हळदीने शेकतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना रंग आणि बेगड. त्यानंतर तान्हा पोळा येतो आणि पोरेसोरे लाकडी नंदी घेऊन निघतात. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहे. बैलाचे इतके कौतुक करणाऱ्या या मुलखात ‘मारका बैल’ हाही रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. ज्या शिंगांना आपण बेगड लावतो ती शिंगे माणसाच्या पोटात शिरली तर पुढे काय होते, ती जखम डॉक्टर कशी ओळखतात, कशी दुरुस्त करतात आणि शेवटी ती कागदावर कशी उतरते, याचा हा शोध आहे. यातल्या शेवटच्या पायरीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पण पुढच्या माणसाच्या दृष्टीने ती पहिल्या दोन पायऱ्यांइतकीच महत्त्वाची आहे.

समजा, आर्वी तालुक्यातल्या एका गावात पहाटे एक सालदार बैलांना वखराला जुंपतो आहे. जू मानेवर ठेवताना माणूस नेमका शिंगांच्या समोर येतो. बैल बुजतो, मान खाली घालतो आणि उचलतो. सालदाराच्या बेंबीखाली उजव्या बाजूला दीड-दोन इंचांची जखम होते. रक्त फारसे येत नाही. तो उपरणे बांधून थोडा वेळ बसून राहतो. दुपारी पोट दुखू लागते, तेव्हा त्याला दवाखान्यात आणतात. काय झाले, असे विचारल्यावर तो म्हणतो, ‘‘काई नाई जी, बैलानं मारलं. थोडसंच लागलं.’’

हा सालदार कल्पित आहे. त्याच्या पोटात मात्र जे घडते ते शल्यचिकित्सेच्या दृष्टीने अगदी खरे आहे.

पोटाची भिंत आणि तिच्या आतले घर

पोटाच्या भिंतीला थर असतात : त्वचा, चरबी, स्नायू आणि सर्वांत आत पेरिटोनियम हे पातळ, ओलसर अस्तर. शस्त्र, गोळी किंवा शिंग त्वचा भेदून आत गेले की तिला भेदक जखम म्हणतात. पण डॉक्टरांच्या दृष्टीने खरा प्रश्न त्वचेचा नसतो. आतले अस्तर फाटले का आणि फाटले असेल तर त्याच्या आतल्या कोणत्या अवयवाला इजा झाली, हे दोन प्रश्न त्यांना सोडवायचे असतात.

चाकूच्या जखमांविषयी एक जुना ठोकताळा आहे. पोटाच्या पुढच्या भागावरच्या साधारण एक तृतीयांश जखमा अस्तरापर्यंत पोहोचतच नाहीत. एक तृतीयांश अस्तर भेदतात, पण शिवावे असे आत काही बिघडवत नाहीत. उरलेल्या एक तृतीयांश जखमांना शस्त्रक्रिया लागते. बाहेरून तिन्ही जखमा सारख्याच दिसू शकतात. चाकूने सर्वाधिक इजा होते ती यकृताला, त्याखालोखाल लहान आतड्याला. बंदुकीच्या गोळीने लहान आणि मोठ्या आतड्याला. पोट कुठे संपते याविषयीचा आपला अंदाजही चुकतो. श्वास पूर्ण सोडला की श्वासपटल छातीत स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर चढते. म्हणून बरगडीखाली झालेली ‘छातीची’ जखम यकृतात किंवा प्लीहेत गेलेली असू शकते.

शिंगाची जखम या दोन्हींपेक्षा वेगळी असते. चाकू सरळ जातो आणि सरळ बाहेर येतो. बैल मान खाली घालतो, शिंग रुतवतो आणि मग मान उचलून वळवतो. त्यामुळे आत शिरण्याचे तोंड एक असले तरी आतल्या वाटा दोन-तीन असू शकतात आणि त्या बहुधा खालून वर जातात. जांघ, ओटीपोट, बैठकीचा भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे. वर्ध्याची स्वतःची बैलाची जात म्हणजे गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातली ही पांढरी, हलक्या अंगाची, चपळ जनावरे. त्यांची शिंगे आखूड आणि टोकाला बोथट असतात. बोथट शिंग कापत नाही, फाडते. कडा खरचटलेल्या, चेचलेल्या असतात आणि आत शेण, माती, कपड्याचे तुकडे जातात. कधी तर त्वचा ताणली जाते पण फाटत नाही. आतले स्नायू मात्र फाटतात आणि आतडे त्वचेखाली येऊन बसते. स्पेनमधले शल्यविशारद अशा जखमेला ‘म्यानातली’ जखम म्हणतात. वर काही दिसत नाही, म्हणून ती सर्वांत फसवी.

कोथळा बाहेर आला म्हणजे माणूस गेला का?

मराठी मुलाला पोटाची भेदक जखम प्रथम कळते ती चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा कोथळा बाहेर आला. त्यामुळे कोथळा बाहेर येणे म्हणजे तत्काळ मृत्यू, असे समीकरण आपल्या भाषेत बसले आहे. पण तीच कथा नीट वाचली तर वेगळे दिसते. पोटावर वार झाल्यावर खान शामियान्यातून बाहेर पडला, पालखीत बसला आणि संभाजी कावजीने त्याचे शिर कापले तेव्हा तो मेला, असे बखरींतले वर्णन आहे. शल्यविशारदाला यात आश्चर्य वाटत नाही. आतडे बाहेर येणे भयंकर दिसते, पण ते स्वतः माणसाला मारत नाही. माणूस मरतो तो दोन कारणांनी : आधी रक्तस्रावाने आणि त्यातून वाचला तर फुटलेल्या आतड्यातला मळ पोटभर पसरल्याने. पहिले कारण मिनिटांचे किंवा तासांचे, दुसरे दिवसांचे.

सुश्रुताने हे ओळखले होते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात ताज्या जखमांचा अध्याय आहे. न फुटलेले आतडे बाहेर आले असेल तर ते दुधाने धुऊन, तूप लावून, नखे कापलेल्या हाताने हळूच आत सारावे असे तिथे सांगितले आहे. फुटलेल्या आतड्याच्या कडा मुंग्यांकडून चाववून, मुंगीचे डोके तिथेच ठेवून जुळवण्याचे काहींचे मतही तिथे नोंदले आहे. फुटलेले आणि न फुटलेले हा त्याने केलेला भेद आजही उपचाराचा पाया आहे. एका बाबतीत मात्र आजचा सल्ला नेमका उलटा आहे. आतडे बाहेर आले असेल तर गावात कुणीही ते आत ढकलू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवलेले स्वच्छ कापड त्यावर ठेवावे, ते ओले राखावे आणि रुग्णाला घेऊन निघावे. चाकू किंवा काठी रुतलेली असेल तर ती उपसू नये, कारण तीच एखादी फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असते. तोंडावाटे पाणीसुद्धा देऊ नये.

उघडायचे की थांबायचे?

आपला सालदार आता अपघात विभागात आहे. वर्धा जिल्ह्याला या बाबतीत एक लाभ आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे आणि डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू केलेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंगी मेघे येथे १९९० पासून दुसरे महाविद्यालय आहे. शिवाय वर्धा शहरात जिल्हा रुग्णालय आहे. पण ही तिन्ही ठिकाणे वर्ध्यात किंवा वर्ध्याला लागून आहेत. आर्वीहून येणाऱ्याला पन्नासहून अधिक किलोमीटरचा रस्ता तुडवावा लागतो, आष्टीहून येणाऱ्याला त्याहून जास्त. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, त्यामुळे हा रस्ता थोडा सुसह्य झाला. तो आखूड मात्र झाला नाही.

डॉक्टर आधी जखम पाहत नाहीत, माणूस पाहतात. श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध. नाडी धावते आहे, रक्तदाब उतरला आहे, हातपाय गार पडले आहेत, तर चाचण्यांत वेळ न घालवता रुग्ण थेट शस्त्रक्रियागृहात जातो. पोट लाकडासारखे कडक झाले असेल किंवा आतडे बाहेर आले असेल तरीही बहुधा तेच. १९९० च्या दशकापासून अपघात विभागात सोनोग्राफीचा एक ठरावीक, दोन-तीन मिनिटांचा प्रकार रुळला. त्यात यकृताभोवती, प्लीहेभोवती, ओटीपोटात आणि हृदयाभोवती रक्त साचले आहे का एवढेच पाहतात. रक्त दिसले तर निर्णय सोपा होतो. मात्र काही दिसले नाही म्हणून आतडे शाबूत आहे असे म्हणता येत नाही, कारण फुटलेले आतडे सुरुवातीला फारसे रक्तही सांडत नाही.

रुग्ण स्थिर असेल तेव्हा खरी कसोटी लागते. इथे वैद्यकाने गेल्या सव्वाशे वर्षांत दोनदा मत बदलले आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात पोटाच्या जखमा उघडू नयेत असे ब्रिटिश शल्यविशारदांचे मत होते, कारण उघडलेले अधिक मरत. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात वेरा गेद्रोइत्स या रशियन शल्यविशारद स्त्रीने आघाडीजवळच लवकरात लवकर पोट उघडून चांगले परिणाम मिळवले. पहिल्या महायुद्धापासून ‘पोटात जखम म्हणजे पोट उघडा’ हा दंडक झाला. मग १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या जेराल्ड शाफ्टन यांनी उलट प्रश्न विचारला : इतकी पोटे उघडून आत काहीच सापडत नसेल, तर निवड का करू नये? तेव्हापासून स्थिर रुग्णाला सरसकट न उघडता त्याच्यावर नजर ठेवण्याची पद्धत हळूहळू मान्य झाली.

ही नजर ठेवणे म्हणजे नुसते झोपवून ठेवणे नव्हे. जखमेच्या जागी भूल देऊन ती थोडी रुंद करतात आणि स्नायूंचे शेवटचे आवरण फाटले आहे का ते डोळ्यांनी पाहतात. बरगडीवरच्या जखमेत असे शोधत नाहीत, कारण तिथे शोधताना छातीची पोकळी उघडण्याचा धोका असतो. सीटी स्कॅन करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर काही तासांनी, शक्यतो एकाच डॉक्टरने, पोटावर हात ठेवून पाहायचे. सकाळी मऊ असलेले पोट दुपारी आखडू लागले का? नाडी ९० वरून ११० वर गेली का? पांढऱ्या पेशी वाढल्या का? चोवीस तास या प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी आली तर रुग्णाला जेवण सुरू होते. ज्या ठिकाणी रात्रभर एकच डॉक्टर पुन्हापुन्हा येऊ शकत नाही, सीटी नाही, शस्त्रक्रियागृह लगेच उघडता येत नाही, तिथे थांबण्याचे धोरण धोक्याचे ठरते. तालुक्याच्या दवाखान्याने अशा रुग्णाला लवकर पुढे पाठवणे हाच तिथला योग्य उपचार.

आपल्या सालदाराचे पोट आखडले आहे. त्याला भूल देऊन छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत मधोमध छेद घेतात. पोटाच्या चारही कोपऱ्यांत कापडी घड्या दाबून आधी रक्त थांबवतात. मग फुटलेल्या जागा चिमट्यांनी धरून मळ थांबवतात. त्यानंतर लहान आतडे सुरुवातीपासून मोठ्या आतड्यापर्यंत, कित्येक फुटांची ती गुंडाळी, वीतवीत हातातून सरकवत दोन्ही बाजूंनी तपासतात. एकटे छिद्र मिळाले की समाधान मानायचे नसते. शिंग एका बाजूने शिरले तर दुसऱ्या बाजूने निघालेही असेल. सालदाराच्या लहान आतड्याला दोन छिद्रे आहेत, ती शिवली जातात. मोठ्या आतड्याला एक आहे. दुसऱ्या महायुद्धात असे आतडे शिवून आत ठेवायला बंदी होती. ते पोटाबाहेर काढून मळाची वाट वेगळी करणे सक्तीचे होते. १९७९ मध्ये स्टोन आणि फेबियन यांच्या अभ्यासाने निवडक रुग्णांत थेट शिवणे सुरक्षित असल्याचे दाखवले आणि हजारो माणसे पोटावरच्या पिशवीपासून वाचली. रुग्ण गार पडत असेल, रक्त गोठत नसेल, तर फक्त रक्त आणि मळ थांबवून पोट तात्पुरते झाकतात आणि एक-दोन दिवसांनी उरलेले काम करतात. १९९३ पासून या पद्धतीला स्वतंत्र नाव आणि शिस्त मिळाली.

शिंगाची बाहेरची जखम मात्र लगेच शिवत नाहीत. मेलेले स्नायू कापून, धुऊन ती उघडी ठेवतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविके तर हवीतच. माद्रिदच्या लास व्हेंतास या बैलझुंजीच्या मैदानाबाहेर पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा पुतळा आहे आणि त्याच्यासमोर टोपी काढून उभा असलेला एक बैलझुंजवीर. झुंजवीरांनीच तो उभारला. शिंगापेक्षा शिंगाने आत नेलेल्या जंतूंनी किती माणसे मारली, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

पोलिसांची नोंद

अशा जखमेची पहिली नोंद केसपेपरवर होते, दुसरी पोलिसांकडे. भोसकल्याच्या जखमेत रुग्णालय पोलिसांना कळवते. पण कळवणे आणि उपचार यांत आधी काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सोडवला : आधी जीव, मग कागद. प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे.

कागद मात्र काळजीपूर्वक व्हावा लागतो. रक्ताळलेला सदरा कापताना भोकातून कात्री न घालता बाजूने कापायचा, कारण ते भोक पुरावा आहे. जखमेची लांबी, कडा आणि दिशा हे सगळे लिहायचे. स्वच्छ कापलेल्या कडा धारदार शस्त्र सांगतात, चेचलेल्या कडा शिंग किंवा सुळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ११६ व्या कलमानुसार प्राणाला धोका आणणारी इजा किंवा १५ दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे व्यवहार करू न देणारी इजा ‘गंभीर’ ठरते. जुन्या दंडसंहितेत ही मुदत २० दिवसांची होती. न्यायालयात आरोपीचे भवितव्य त्या रात्री एका तरुण डॉक्टरने लिहिलेल्या चार ओळींवर टेकलेले असते.

तिसरी नोंद : दोन संकेतांची गोष्ट

रुग्ण घरी गेला किंवा दुर्दैवाने दगावला, की त्याचा कागद वैद्यकीय अभिलेख विभागात येतो. तिथे त्याचे रूपांतर आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातल्या अक्षर-आकड्यांत होते. या वर्गीकरणाचे मूळ फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. तिची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी दहावीचा वापर अजून मोठा आहे.

दहाव्या आवृत्तीत इजेला एक नव्हे, दोन संकेत लागतात. पहिला सांगतो, शरीराला काय झाले. ‘एस ३१.१’ म्हणजे पोटाच्या भिंतीची उघडी जखम. आतल्या अवयवांसाठी ‘एस ३६’ : ३६.० प्लीहा, ३६.१ यकृत किंवा पित्ताशय, ३६.३ जठर, ३६.४ लहान आतडे, ३६.५ मोठे आतडे आणि अनेक अवयव असतील तर ३६.७. नियम असा, की आत इजा असेल तर मुख्य नोंद तिची, भिंतीची जखम तिच्यामागे. शस्त्रक्रियेचा अहवाल न वाचता दारावरच्या कागदावरून संकेत लावला, तर सालदाराची तीन छिद्रे ‘पोटाच्या भिंतीची जखम’ म्हणून नोंदली जातील आणि तो पंधरा दिवस का भरती होता हे कुणालाच कळणार नाही.

दुसरा संकेत सांगतो, हे कशाने झाले. कुत्रा आणि उंदीर यांना स्वतंत्र संकेत आहेत. बैल ‘डब्ल्यू ५५’ मध्ये येतो : इतर सस्तन प्राण्याचा चावा किंवा धडक. पुढचा आकडा जागा सांगतो. शेत असेल तर ७, रस्ता असेल तर ४, घर असेल तर ०. गोठा कुठे मोडतो? वर्गीकरणात शेतातल्या इमारती सातमध्ये येतात, पण शेतकऱ्याचे राहते घर आणि त्याचे आवार शून्यात. ज्या गावात गोठ्याची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच आहे, तिथे नोंद करणाऱ्याला विचारावेच लागते. बैलगाडीच्या अपघातात गाडीवान जखमी झाला तर संकेतच बदलतो, ‘व्ही ८०’ लागतो. आणखी एक आकडा माणूस त्या वेळी काय करत होता ते सांगतो. मजुरीचे काम असेल तर २.

या वर्गीकरणाची एक मर्यादा वर्ध्यात चटकन लक्षात येते. ‘डब्ल्यू ५५’ मध्ये गोठ्यातला बैल आणि तुरीच्या शेतातले रानडुक्कर शेजारी बसतात. बोरच्या जंगलाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या आसपासच्या शेतकऱ्याला या दोन प्राण्यांतला फरक सांगावा लागत नाही : एकाची भरपाई वनखात्याकडे मागायची असते, दुसऱ्याची नाही. अमेरिकेने आपल्या सुधारित आवृत्तीत गाय-बैल आणि डुक्कर यांना वेगळे संकेत दिले. अकराव्या आवृत्तीत मूळ संकेताला जोड देऊन अधिक तपशील सांगता येतो. तोवर केसपेपरवर प्राण्याचे नाव साध्या अक्षरांत लिहिणे एवढाच उपाय आहे.

मृत्यूच्या बाबतीत दुसऱ्या संकेताचे वजन आणखी वाढते. इजेने झालेल्या मृत्यूचे मूळ कारण म्हणून आकडेवारीत जातो तो बाह्य कारणाचा संकेत, इजेचा नव्हे. समजा, आपला सालदार आठव्या दिवशी दगावला. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात पहिल्या ओळीत तत्काळ कारण लिहायचे : रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. त्याखाली : मोठ्या आतड्याला छिद्र, पोटात पू. त्याखाली मूळ कारण : शेतात काम करताना बैलाच्या शिंगाने पोटात झालेली भेदक जखम. इजा कशी झाली, याची वेगळी जागाही त्या नमुन्यात आहे. घाईत पहिली ओळ लिहून खालच्या कोऱ्या सोडल्या, तर हा मृत्यू ‘ए ४१.९’ म्हणजे जंतुसंसर्गाच्या आजारांत जातो. बैल, शेत, काम, सगळे पुसले जाते. भारतात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्क्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले होते. त्या थोडक्यांतलीही मूळ कारणे अशी हरवली, तर शेतीच्या कामात माणसे कशाने मरतात याचे उत्तर देणार कोण?

नोंद कोणासाठी?

नोंद पुसली जाण्याचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. राज्यात शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये देणारी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. तिचा आधार सातबारा आहे : वहितीदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली आणखी एक व्यक्ती. बैल ज्याचा, त्याचे नाव सातबारावर असते. बैल जो जुंपतो त्या सालदाराचे बहुधा नसते. त्याच्यासाठी काही व्हायला हवे असे कुणाला म्हणायचे असेल, तर आधी असे सालदार किती, हे दाखवावे लागेल. ते दाखवू शकणारा आकडा त्याच नोंदीत आहे : ‘डब्ल्यू ५५’, शेत ७, मजुरीचे काम २. तो न लिहिल्याने सालदार दुसऱ्यांदा अदृश्य होतो.

आणखी एक जखम याच विभागात येते. रात्री उशिरा एक बाई येते. बेंबीच्या वर सरळ, स्वच्छ कडांची जखम. सोबतचे सांगतात, विळीवर पडली. विळी जमिनीवर असते, तिचे पाते उभे असते, माणूस तोल जाऊन तिच्यावर पडू शकतो. हेही खरे. पण जखम वरून खाली गेली आहे की खालून वर, हाताच्या तळव्यावर किंवा मनगटावर वार अडवताना झालेल्या खुणा आहेत का, अंगावर जुने वण आहेत का, आणि सोबतच्यांना बाहेर पाठवल्यावर ती तेच सांगते का, हे पाहण्याची जबाबदारी डॉक्टरची आहे. धारदार वस्तूशी अपघाती संपर्क ‘डब्ल्यू २६’, स्वतः करून घेतलेली इजा ‘एक्स ७८’, दुसऱ्याने केलेला हल्ला ‘एक्स ९९’, आणि तपासूनही हेतू ठरला नाही तर ‘वाय २८’. चारही संकेतांची जखम एकच, शस्त्रक्रिया एकच, टाकेही तेवढेच. फरक एवढाच, की पहिल्या संकेताने ती त्याच घरी परत जाते आणि तिसऱ्याने कदाचित कुणी तरी आधी विचारते की कुठे जाणार. नोंद करणाऱ्याने तर्काने हल्ला लिहू नये, तसेच सोयीने अपघातही लिहू नये. जे सांगितले गेले ते आणि जे दिसले ते, दोन्ही वेगवेगळे लिहावे.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. कशाने, कसे, कुठे, काय करताना आणि कुणाच्या हातून, हे पाच प्रश्न केसपेपरवर लिहून घ्यायला दोन मिनिटे लागतात. पोटात शिरलेल्या शिंगाचा माग काढताना शल्यविशारद आतड्याचा एक वीतही तपासल्यावाचून सोडत नाही, कारण राहून गेलेले एक छिद्र माणसाला मारते. नोंदीतल्या कोऱ्या जागाही तशाच असतात. त्या रुग्णाला मारत नाहीत. पण पुढच्या पोळ्यानंतर, पुढच्या गोठ्यात, जू उचलणाऱ्या पुढच्या माणसाविषयी आपल्याला काहीच कळू देत नाहीत.

म्हणून त्या पहाटेची नोंद ‘बैलानं मारलं’ एवढ्यावर थांबू नये. ‘सालदार, वय अमुक, मालकाच्या शेतात वखर जुंपताना बैलाच्या शिंगाने पोटात जखम’ एवढे लिहिले की पुरे. संकेत लावणाऱ्याला त्यातून सगळे आकडे मिळतात आणि त्या माणसाचे काय झाले, हे वाचणाऱ्यालाही.